पाववाल्याच्या घरची भूक

माझा धाकटा भाऊ पाव भाजतो. त्याच्या हातच्या पावाची महती सांगायला बसले तर तुम्ही म्हणाल, बहीणच ती, कौतुक करणारच. म्हणून नाही सांगत. एवढंच सांगते, की आमच्या गल्लीत लोक सकाळी घड्याळ बघून उठत नाहीत, आमच्या भट्टीचा वास आला की उठतात. आणि एखाद्या दिवशी वास उशिरा आला, तर स्वतःच्या उशिराचं खापर माझ्या डोक्यावर फोडायला दुकानात येतात. दुकान मी सांभाळते. भट्टी त्याची, गल्ला आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझी, अशी आमची वाटणी वडील गेल्यापासून ठरलेली आहे.

तो फारसा बोलत नाही. पण न बोलणाऱ्या माणसालाही मन मोकळं करायला काहीतरी लागतंच ना! त्याचं ते म्हणजे खायला घालणं. कुणाशी वाद झाला असो, कुणाच्या घरी दुःख झालेलं असो, कुणी मनात भरलेलं असो, हा गरम पाव कागदात गुंडाळून नेणार, हातात ठेवणार आणि तोंडातून चकार शब्द न काढता परत येणार. बायकोसुद्धा त्यानं अशीच मिळवली. ती समोर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. हा रोज संध्याकाळी तिच्या पुढ्यात एक बनपाव ठेवून यायचा. शेवटी एक दिवस तीच माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुमच्या भावाला विचारून सांगा, लग्न करायचंय की मला नुसती जाड करायचीय?" मी म्हटलं, ही पोरगी आपल्या घरात पाहिजे.

आणि अशा माणसाच्या पोटी असं लेकरू यावं, की ज्याला कितीही घातलं तरी पुरत नाही. ह्याला काय म्हणावं?

पहिला मुलगा झाला. धाकटी आल्यापासून आम्ही त्याला थोरलाच म्हणतो. जन्मला तेव्हा चारचौघांसारखाच होता. पण दोन-तीन महिन्यांत त्यानं घर डोक्यावर घेतलं. दूध पिऊन झालं की पुन्हा दूध. वर्षाचा व्हायच्या आत त्याच्या मनगटांना वळ्या पडल्या. तेव्हा येणारीजाणारी सगळी गालगुच्चे घ्यायची, "खात्यापित्या घरचं बाळ हो!" म्हणायची. तोच पोरगा चालायला लागला, त्याला धाप लागायला लागली, तसं हीच माणसं उलटली. बाप बेकरीवाला, मग काय, पोराला मोकळं कुरण! आमच्या भावजयीला तर तोंडावर ऐकवायचे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही आमच्या गल्लीची रीतच आहे. मी दोघा-तिघांना दुकानाच्या पायरीवरून हाकलून दिलं. पाव नाही मिळणार, चालते व्हा, म्हटलं.

पण पोराचं खाणं खरोखर भयंकर होतं. परातीतलं कच्चं पीठ तोंडात कोंबायचा. ट्रेच्या कडेला करपून चिकटलेले तुकडे नखानं खरवडून खायचा. शाळेत दुसऱ्यांच्या डब्यांत हात घालायचा, म्हणून त्याला तिथं चोर म्हणायला लागले. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, खाणं आवरा, बाकी पोराला काही झालेलं नाही. त्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणं सांगितलं, आम्ही ऐकलं. कपाटाला कुलूप लागलं, भट्टीच्या खोलीलाही लागलं. तो दाराला तोंड लावून हाका मारायचा, "बाबा, भूक लागली." आत माझा भाऊ दुसऱ्यांच्या पोरांसाठी पाव भाजत उभा असायचा. मी बाहेर काउंटरवर असायचे, मला दोघंही ऐकू यायचे.

सहा वर्षांचा असताना त्याच्या छातीत कफ धरला आणि दवाखान्यात गेला तो आलाच नाही. तापात असतानासुद्धा "बाबा, पाव द्या" म्हणत होता. खाणं मोजूनमापूनच द्यायचं म्हणून सांगितलेलं, त्यामुळे भावानं दिला नाही. त्यानंतर तो जे काही थोडंफार बोलायचा, तेही बंद झालं.

धाकटी, चिमी, तेव्हा अंगावर पीत होती. चिमी हे नाव तिला मी ठेवलं, एवढीशी होती म्हणून. आणि थोड्याच दिवसांत तेच सगळं पुन्हा सुरू झालं. तेच रडणं, त्याच वळ्या, दूध संपल्यावर बाटलीकडे बघणारी तीच नजर. भावजय एकदा तिला मांडीवर घेऊन मला म्हणाली, "वन्सं, हीपण जाणार का हो?" मी तिच्यावर खेकसले. काय बोलावं ते सुचलं नाही की मी खेकसते.

भावानं एक गोष्ट केली. आम्ही भट्टीच्या वरच्या मजल्यावर राहतो, जन्मापासून. त्याला वाटलं, पावाच्या वासानंच पोरीची भूक चाळवते. म्हणून त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या, खाली टायरांचं दुकान. तिथं दिवसभर रबराचा वास. चिमी तिथंही तेवढंच खायची. वर सगळ्यांच्या कपड्यांना रबराचा वास लागला, आणि गिऱ्हाइकं विचारायला लागली, पाव असा का लागतो? वर्षभरात गाशा गुंडाळून परत वरच्या मजल्यावर आले.

चिमी पाच वर्षांची झाली तेव्हा तिला जिना एका दमात चढता येत नव्हता. आडवी झोपली की घुसमटायची, म्हणून भिंतीला उशा लावून बसवून झोपवायचे. कुणीतरी भावाला एका संस्थेचं सांगितलं. तिथं मुलांना ठेवून घेतात, मोजकं खायला देतात आणि बारीक करून परत पाठवतात. आईबापांना महिनोन् महिने भेटू देत नाहीत, कारण आईबाप चोरून खाऊ नेतात. भाऊ हो म्हणून बसला. म्हणाला, "ताई, मी तिच्याजवळ असलो तर ती मरेल." भावजय नाही म्हणत होती, दोघांचा अबोला चालला होता.

मी म्हटलं, पाठवायचंच असेल तर पाठव, पण आधी मुलांच्या मोठ्या दवाखान्यात एकदा दाखवून ये. नुसतं म्हटलं नाही, दुकानाला कुलूप लावून मीच सगळ्यांना घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरबाई वयानं तरुण, चष्मा सारखा नाकावरून घसरणाऱ्या. त्यांनी चिमीला तपासलं, मग थोरल्याचं विचारलं. भावजय सांगताना दोनदा थांबली. बाईंनी घाई केली नाही. मग विचारलं, तुमची दोघांची घरं आधीपासून नात्यातली आहेत का? निघालं की, लांबचं नातं आहे, पणज्यापाशी कुठंतरी. बाई म्हणाल्या, "रक्त तपासू. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या." उपाशीपोटी! मी भावाच्या तोंडाकडे बघितलं. चिमीला उपाशी ठेवणं म्हणजे काय, हे त्या बाईंना काय ठाऊक!

दुसऱ्या दिवशी ती घरापासून दवाखान्यापर्यंत रडत होती. रक्त घेणाऱ्या ताईंनी तिचा गुबगुबीत हात किती वेळ चाचपला, शीर सापडेना. सापडली तशी करंगळीएवढी नळी भरली, वर लेबल लावलं. सुईला चिमी रडली नाही. सुई निघाल्यावर म्हणाली, "आता खाऊ?"

आठवड्यानं बोलावणं आलं, पुन्हा रक्त द्या. प्रयोगशाळेनं नमुना बाद ठरवला होता.

आणि इथं आमच्या बंधुराजांचा चेहरा उतरला. दवाखान्यात बाईंसमोर बसल्यावर तो एकाएकी उभाच राहिला. "डॉक्टरबाई, चूक माझी आहे. मी तिला पाव दिला."

"कधी?"

"येताना. कोपऱ्यावर. ह्या दोघी पुढं होत्या. ती रडत होती हो. माझ्या खिशात होता. अर्धाच दिला." तो खिसा हातानं दाबून धरून बोलत होता, आणि मला दिसलं, त्या खिशात त्या दिवशीसुद्धा पाव होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. माझं डोकंच फिरलं. "अरे बैला! तीन माणसं आणि एक पोर दिवसभर ताटकळलो, आणि तू तिला पाव चारलास?" तो पुटपुटला, "दिला नसता तर..." मी म्हटलं, "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं! बस खाली!"

बाई हसायला लागल्या, चष्मा पार नाकाच्या टोकावर आला. मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "बसा. तुमच्या पावानं काही बिघडलेलं नाही. मला नेमकं ह्याच रिपोर्टबद्दल बोलायचंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मला जसं कळलं तसं सांगते. आपल्या अंगात जी चरबी असते ना, ती नुसती पडून नसते. ती रक्तात एक निरोप सोडत असते, लेप्टिन म्हणतात त्याला. तो निरोप डोक्यापर्यंत जातो आणि सांगतो, की बाबा, घरात साठा आहे, काळजी करू नकोस. जितकी चरबी जास्त, तितका हा निरोप रक्तात जास्त. चिमीसारख्या मुलीच्या रक्तात तो धो धो असायला हवा. सापडला जवळजवळ शून्य. तपासणाऱ्यांना वाटलं हे शक्यच नाही, नळी बदलली असणार किंवा नमुना खराब झाला असणार. अर्ध्या पावानं असा शून्य येत नाही. "मला वाटतं," बाई म्हणाल्या, "नळी बरोबर आहे."

पुन्हा रक्त घेतलं. ह्या खेपेला चिमीचं, भावाचं आणि भावजयीचंही. ते लांब कुठंतरी पाठवलं. भावानं संस्थेला कळवलं, थोडं थांबतो. अबोला तेवढ्यापुरता सुटला.

कितीतरी आठवडे गेले. मग बाईंनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या टेबलावर कागद होता, पण त्या कागदाकडे न बघता भावाशी बोलल्या. म्हणाल्या, "तुम्ही पाव करता. समजा पावाची कृती दोन चिठ्ठ्यांवर लिहिलेली आहे. एक वडिलांनी दिलेली, एक आईनं. एका चिठ्ठीत चूक असली तरी दुसरीवरून पाव होतो, कुणाला कळतसुद्धा नाही. तुम्हा दोघांकडे ह्या निरोपाची एकेक चिठ्ठी चुकीची आहे, एकेक बरोबर. तुम्हाला काही त्रास नाही. चिमीच्या वाट्याला दोन्ही चुकीच्या आल्या. तिच्या अंगात तो निरोप तयारच होत नाही. त्यामुळे तिचं डोकं धरून चालतं, की ही पोर उपाशी मरायला टेकलीय. अंगावर एवढी चरबी असून तिला भूक लागते ती दुष्काळातल्या माणसाची."

चिमी टेबलाखाली बसून बाईंच्या चपलेचा पट्टा उघडत-लावत होती.

काय सांगू तुम्हाला मला काय वाटलं! इतकी वर्षं आख्खी गल्ली, शाळा, नातेवाईक जिला हावरट म्हणत होते, तिचं खरं काय ते एवढ्याशा नळीत होतं. कुणाच्याही डोळ्यांना न दिसणारी एक चूक, आणि तीसुद्धा माणसांनी शोधून काढली! कुठल्या बाईनं किंवा बाप्यानं पहिल्यांदा विचार केला असेल, की भरलेल्या पोटाचा निरोप रक्तात असतो म्हणून? मी उभ्या जन्मात शाळेची पायरी फार चढले नाही, पण त्या क्षणी मला त्या सगळ्या अनोळखी माणसांच्या पाया पडावंसं वाटलं. त्या रात्री जेवताना माझा हात आपोआप थांबला, आणि मी घास तसाच धरून बसले. रोज थांबतो, पण थांबवतं कोण? माझ्याही रक्तातून कुणीतरी निरोप घेऊन धावत होतं, मला न विचारता, जन्मल्यापासून. अंगावर काटा आला माझ्या.

पण तिथं, दवाखान्यात, भावानं एवढंच विचारलं, "डॉक्टरबाई, आमचा थोरला... त्यालापण खरीच भूक लागायची?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "त्याचं रक्त आपल्याकडे नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तुम्ही जे सांगितलं त्यावरून मला तसंच वाटतं. अशा मुलांना आजारही पटकन धरतात. हो, त्याला खरीच भूक लागत असणार. तुमच्यापैकी कुणाची चूक नव्हती."

भावानं मान डोलावली. भावजयीनं त्याचा हात धरला, आमच्यासमोर, जे ती कधी करत नाही.

ह्यावर औषध आहे. जो निरोप अंगात होत नाही तोच बाहेर तयार करून रोज सुईनं द्यायचा. मिळणं सोपं नव्हतं. बाईंनी कुठंकुठं लिहिलं, कुणाकुणाचे उंबरठे झिजवले ते त्यांनाच ठाऊक. आमच्या गल्लीत मात्र बातमी फुटली तशी प्रत्येक जाडजूड पोराची आई मला विचारायला लागली, ती तपासणी आमच्या बबड्याची करता येईल का? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं फार क्वचित, लाखो मुलांत एखाद्याचं असतं, बाकीच्यांची कारणं वेगळी आणि पुष्कळ. मी तसं सांगितलं. एकीला राग आला. म्हणाली, तुमच्याच घरी बरं निघालं. घ्या! आजाराचीसुद्धा असूया.

शेवटी औषध आलं. सुई द्यायला भावजय शिकली, भाऊही शिकला. भट्टीच्या धगीत बिनदिक्कत हात घालणारा माणूस, पोरीच्या दंडाला सुई लावताना घामाघूम व्हायचा. चिमीच त्याला म्हणायची, "बाबा, टोचा की."

सुया सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारची वेळ. दुकान बंद करून आम्ही वर जेवायला बसलो होतो. चिमीच्या ताटलीत पाव, भाजी आणि उकडलेलं अंडं. तिचं नेहमीसारखं चाललं होतं, डोकं खाली, हात भराभरा. आणि मध्येच ती थांबली. हातातला पाव तसाच. डोळे मोठे झाले. दुसरा हात तिनं पोटावर ठेवला.

"आई," ती म्हणाली, "मला काहीतरी होतंय."

भावजय ताडकन उठली. औषध बाधलं, हेच आम्हा सगळ्यांच्या मनात. "दुखतंय का गं?"

"नाही."

"मळमळतंय? उलटी येतेय?"

"नाही." तिनं पोटावरचा हात आणखी दाबला. "आत काहीतरी आहे. मला पाव आवडतो, पण आत जात नाहीये. आत जागाच नाहीये." आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. इतकी घाबरली होती बिचारी!

भावजय बाईंना फोन लावायला धावली. भाऊ चिमीच्या खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसला. त्यानं तिच्या हातातला पाव काढून ताटलीत ठेवला आणि तिच्या पोटावर तळवा टेकवला. मग म्हणाला, "चिमे, रडू नकोस. काही झालेलं नाही. ह्याला पोट भरणं म्हणतात."

ती हुंदके देत त्याच्याकडे बघत राहिली. "सगळ्यांचं भरतं?"

"सगळ्यांचं."

"आत्याचं पण?"

"आत्याचं पण."

"रोज?"

"रोज."

तिनं पुन्हा पोट चाचपून बघितलं. मग विचारलं, "मग आता काय करायचं?"

भावानं मान वर करून भावजयीकडे बघितलं. भावजय फोन हातात धरून दारात उभी होती, तीच म्हणाली, "आता उठायचं, बाळा. हात धुवायचे आणि खेळायला जायचं."

"आणि हे उरलेलं?"

"राहू दे ते."

चिमी खुर्चीवरून उतरली. दोनदा वळून ताटलीकडे बघितलं, कुणी काही म्हणतं का म्हणून. कुणी काही म्हटलं नाही. मग ती मोरीत गेली, नळाचा आवाज आला, आणि ओले हात फ्रॉकला पुसत ती खाली अंगणात गेली.

भाऊ तिच्या रिकाम्या खुर्चीपुढं तसाच गुडघ्यांवर होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो माझ्याकडे न बघताच बोलला.

"सहा वर्षं होता गं ताई तो आपल्यात. एकदासुद्धा पोट भरून उठला नाही."